शिराझमधला लव्हाळा

कांद्याच्या वाफ्यात लव्हाळा शिरला की भल्या माणसाच्या तोंडूनही शिवी निघते. वरून कितीही खुरपा, मातीत त्याच्या काळपट गाठी शाबूत राहतात आणि आठवड्याभरात हिरवी पाती पुन्हा हजर. नांगर घालावा तर त्याच गाठी रानभर पसरतात. निफाड तालुक्यात माझ्या मामाची शेती आहे, थोडा कांदा आणि बाकी द्राक्षबाग. तो म्हणतो, “लव्हाळ्यावर औषध नाही बाबा. तो म्हातारा होत नाही, आपण होतो.”

याच जातकुळीच्या गाठी धुऊन वाळवल्या की त्यांचा नागरमोथा होतो, आणि मग मात्र त्यांना भाव येतो. दिवाळीच्या आधी उटण्याच्या सामानात वाळा, गव्हला कचरा, आंबेहळद यांच्या शेजारी तो ऐटीत बसतो. 1967 साली सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लव्हाळ्याच्या गाठींच्या तेलातून एक रेणू वेगळा काढून दाखवला. सुख देव त्या काळी पुण्यात, पाषाणकडच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. झाडाच्या शास्त्रीय नावात ‘रोटुंडस’ आहे, म्हणून रेणू झाला रोटुंडोन. त्यानंतर चाळीस वर्षं वाईनच्या जगात कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

तिकडे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या वाईन संशोधन संस्थेत, वेगळाच प्रश्न घोळत होता. शिराझ द्राक्षाच्या काही वाइन्सना काळ्या मिरीचा वास येतो. चाखणारे तो पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, पण येतो कशाने हे कुणालाच सापडत नव्हतं. यंत्रांना दिसत नव्हतं ते नाकाला कळत होतं. शेवटी 2008 मध्ये त्यांनी उत्तर छापलं: रोटुंडोन. मिरीच्या वासातला मिरीपणाही बराचसा त्याच रेणूचा. म्हणजे शिराझला मिरीचा वास येतो असं म्हणणारा माणूस कविता करत नव्हता, पेल्यात होतं तेच सांगत होता. आणि ते ज्या गाठीत पहिल्यांदा सापडलं, तिला आमच्याकडे बांधावर फेकतात.

हे वाचल्यावर मी नागरमोथा आणून खलबत्त्यात कुटला, बाजूला मिरी भरडून ठेवली आणि दिंडोरीकडची एक शिराझ उघडली. नागरमोथ्याचा वास सरळसोट मिरीचा नाही. आधी ओली माती येते, मग जुनं लाकूड, थोडा उदाचा धूर, आणि सगळ्यात शेवटी, नाकाच्या मुळाशी, ती कोरडी तिखट ठिणगी. वाईनमध्येही ती शेवटीच भेटली. पहिल्या हुंगण्यात नुसतं जांभूळ आणि काळ्या मनुका, मागे व्हॅनिला. पेला टेबलावर ठेवून आम्ही गप्पा मारत बसलो. पुन्हा उचलला तेव्हा फळ जरा मागे सरलं होतं आणि मिरी पुढे आली होती.

“आली का तुला?” मी बायकोला विचारलं.

“अरे, मला नुसतं जांभूळच येतंय. तू वाचून बसलायस म्हणून तुला येतेय.”

तिचा संशय रास्त आहे. वाचून ठेवलेले वास माणसाला हटकून येतात. पण दुसरीही एक शक्यता आहे. ॲडलेडच्या त्या प्रयोगात बसवलेल्या माणसांपैकी साधारण पाचातल्या एकाला रोटुंडोन येतच नव्हता, साध्या पाण्यात भरपूर मिसळला तरी नाही. उरलेल्यांना रेड वाईनमध्ये लिटरमागे 16 नॅनोग्रॅम पुरत होतं. हिशेब मांडला तर दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरला एका मिलिग्रॅमचा जेमतेम सहावा भाग. एकाच बाटलीभोवती बसलेल्या दोन माणसांच्या पेल्यात अशी दोन वेगळी पेयं असू शकतात. तेव्हापासून मी चवीवरून वाद घालणं बरंच कमी केलं. पूर्ण नाही, कारण तीही मजाच आहे.

वासांची नावं ही थाप असते असा आपल्याकडे एक समज आहे, आणि त्याला वायनऱ्यांच्या टेस्टिंग रूममधली, म्हणजे वाईन चाखायला देतात तिथली, मंडळीच कारणीभूत आहेत. नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवारी-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. आत काउंटरमागचा तरणा पोरगा प्रत्येक रेडला ‘ब्लॅककरंट, ब्लॅकबेरी, सीडर’ अशी माळ म्हणून दाखवतो. त्याचा दोष नाही, त्याला तशीच पाठ करून दिलेली असते. पण ब्लॅककरंट त्यानेही आइस्क्रीमपलीकडे पाहिलेलं नसतं आणि समोरच्यांनीही. मग सगळे मान डोलावतात आणि सेल्फी काढतात.

खरं तर यातले कितीतरी वास आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत, आणि तेही उपमेने नव्हे. कॅबर्ने सोव्हिन्याँचं द्राक्ष नीट पिकलं नाही की वाईनला ढोबळी मिरचीचा वास मारतो. ढोबळीत असतं तेच द्रव्य त्या द्राक्षात असतं. ओकच्या पिंपात वाईन मुरली की लवंग येते, कारण लवंगेतलं युजेनॉल भाजलेल्या ओकच्या लाकडातही असतं. व्हॅनिलाही तिथूनच. अमेरिकन ओक असेल तर ओल्या खोबऱ्याची झाक येते. ज्याने आयुष्यभर मसाला भाजतानाचा धूर नाकात घेतलाय, त्याला हे ओळखायला कुठल्या कोर्सची गरज नाही. माझी आत्या वाईनला शिवत नाही. एकदा तिच्यापुढे नुसता पेला धरला, तर हुंगून म्हणाली, “लवंग घातलीय का रे यात? आणि काहीतरी आंबलंय.” दोन्ही बरोबर.

आता दणकट रेडकडे येतो, म्हणजे शिराझसारख्या भरदार रेड वाईनकडे. दणकट म्हटलं की आपल्याकडे लोक आधी बाटलीवरचा टक्का बघतात. साडेचौदा म्हणजे मर्दाची, बारा म्हणजे सरबत. हा हिशेब रम-व्हिस्कीचा आहे. वाईनमध्ये अल्कोहोल अंगाला भर देतं, घशात ऊब आणतं, एवढं खरं. पण ज्याला जोर म्हणावा तो येतो सालीतून आणि बीमधून. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक जातींत पाणीदार, फिकाच असतो. पांढऱ्या वाईनसाठी तो लगेच वेगळा काढतात. रेडसाठी रस, साल आणि बी एकत्र आंबवतात. वर तरंगून आलेल्या सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबतात किंवा तळाचा रस पंपाने त्यावर सोडतात. रंग, तुरटपणा, अंग सगळं तिथून उतरतं. त्यामुळे अशी वाईन बागेत ठरते, आणि बागेत ती कशी ठरते हे मामाला अजिबात पटत नाही.

मामाचं सगळं आयुष्य मणी फुगवण्यात गेलं. थॉम्सन या खायच्या द्राक्षाचे घड जीए या वाढ-संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे, विरळणी करायची, मणी 18 मिलिमीटरच्या पुढे न्यायचा, साल पातळ आणि कुरकुरीत ठेवायची, बी तर नकोच. निर्यातीचा माल म्हणजे हा. दिंडोरी तालुक्यात ओळखीच्या एकाचा शिराझचा प्लॉट आहे, वायनरीशी करार केलेला. फेब्रुवारीत मी मामाला तिथे घेऊन गेलो. त्याने एक घड हातावर तोलून पाहिला आणि म्हणाला, “हे काय रे, करवंदं लावलीत का?”

मणी खरोखरच तेवढाच. मी एक तोंडात टाकला. रस येतो आणि संपतो, पण गोडी अशी की दाढा शिवशिवतात. खायच्या द्राक्षाला 17-18 ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) झाले तरी माणूस खूश असतो, इथे 23-24 पर्यंत थांबतात. मग उरते साल. ती चघळत राहावी लागते, जाड, चिवट, आणि चघळता चघळता गालाची आतली बाजू आवळायला लागते. चिमटीत मणी फोडला तर अंगठ्याला जांभळा डाग पडतो, तो धुतला तरी नखाच्या कडेला राहतो. आणि बिया. वायनरीचा माणूस बिया तळहातावर काढून रंग बघत होता. हिरवट असतील तर अजून वेळ आहे. तपकिरी झाल्या, दाताखाली कुटकन फुटल्या, तर तोड करायची. ब्रिक्स मोजायचा मीटर खिशात असूनही तो चावून बघत होता, हे मला फार आवडलं. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त पडते. मामा जे टाळण्यासाठी आयुष्यभर झटला, नेमकं तेच इथे लागतं.

नाशिकची खरी अडचणही याच बियांमध्ये आहे. फ्रान्समध्ये वेल थंडीत पूर्ण झोपतो, वसंतात जागा होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात पीक देतो. आपल्याकडे वेलीला झोपच नाही. ती वर्षभर वाढायला तयार. म्हणून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार करण्यासाठी. पावसाळा सरत आला की गोडी छाटणी, फळासाठी. घड वाढतात दिवाळीनंतरच्या थंडीत, मण्यात पाणी उतरतं डिसेंबर-जानेवारीत, तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे पिकण्याची सुरुवात थंड रात्रींत होते आणि शेवट वाढत्या उन्हात. एकदा उन्हाने जोर धरला की साखर धावत सुटते आणि साल-बी मागे राहतात. वाट बघावी तर वाईन साडेपंधरा टक्क्यांची आणि आंबटपणा गेलेली. घाई करावी तर टक्का बेताचा पण तुरटपणा कच्चा, हिरवा. नाशिकच्या बऱ्यावाईट रेडमधला फरक बहुतेक वेळा या दहा-बारा दिवसांत असतो. लेबलावर त्यातलं काहीच छापलेलं नसतं, पण जिभेवर सगळं लिहून येतं.

पहिल्या काही वर्षांत आपल्याकडच्या रेड बऱ्याच अशा कच्च्या तुरट यायच्या, वर ओकचा मारा. 2000 च्या सुमारास नाशिकच्या वाईनची जी ओळख झाली ती शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्यांनी, आणि ते योग्यच होतं. रेडला वेळ लागला. वेल जुन्या व्हाव्या लागतात, माणसांनाही कळावं लागतं कुठली जात कुठल्या टेकाडावर. मधल्या काळात, 2008-09 च्या मंदीत, वायनऱ्या बंद पडल्या आणि कित्येकांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा थॉम्सन लावला. मामा तेव्हा “मी सांगत होतो” असं म्हणाला नाही, पण त्याच्या तोंडावर ते दिसत होतं. जे टिकले त्यांनी नंतर चांगलं काम केलं. अकलूजकडची, सांजोव्हेजे आणि कॅबर्ने या द्राक्षजाती मिसळून केलेली रेड मला आवडते, दिंडोरीच्या शिराझमध्ये आता खरंच काहीतरी असतं. फ्रान्सची बरोबरी वगैरे बोलायची मला गरज वाटत नाही. बाराशे-पंधराशे रुपयांच्या आयात वाईनमध्ये अर्धा पैसा जकातीचा आणि प्रवासाचा असतो, त्यापेक्षा त्याच पैशात इथली वरच्या दर्जाची घेतली तर पेल्यात जास्त पडतं, एवढं मात्र सांगतो.

तुरटपणा हा या सगळ्याचा कणा, आणि नव्याने रेड पिणारा नेमका त्यालाच बिचकतो. त्याला वाटतं वाईन कडू आहे. कडू चव जिभेवर कळते. तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श जास्त. सालीतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गाल, हिरड्या, वरच्या ओठाची आतली बाजू कोरडी पडून एकमेकींना घासायला लागतात. जांभळं खाल्ल्यावर होतं तेच, कच्च्या सुपारीने होतं तेच. जांभळं आपण मीठ लावून, हसत, जीभ काढून दाखवत खातो. तीच गोष्ट पेल्यात आली की तक्रार कशाला?

मी घोट घेतला की लगेच गिळत नाही. तोंडात फिरवतो, गिळतो, आणि मग काही न करता बसतो. पुढच्या अर्ध्या मिनिटात खरी वाईन कळते. कच्चा तुरटपणा पुढच्या दातांवर आणि हिरड्यांवर खरखर करून जातो, मागे काही ठेवत नाही. पिकलेला सावकाश पसरतो, मऊ असतो, आणि तो ओसरताना फळ पुन्हा एकदा वर येतं. दणकट रेडची परीक्षा मी या परतीवरून करतो. पहिल्या घोटाला तोंड भरून टाकणाऱ्या वाइन्स पुष्कळ असतात. गिळल्यावरही रेंगाळणाऱ्या थोड्या.

पेल्याच्या भिंतीवरून ओघळणाऱ्या धारा दाखवून “बघा, काय बॉडी आहे” म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं. जेम्स थॉम्सन या शास्त्रज्ञाने 1855 मध्येच त्याचा उलगडा केला होता: अल्कोहोल आधी उडतं, मागे राहिलेल्या द्रवाचा पृष्ठताण वाढतो, तो वर खेचला जातो आणि ओघळतो. धारा दाट म्हणजे अल्कोहोल बऱ्यापैकी. चांगुलपणाशी संबंध नाही. रंगावरून मात्र थोडं कळतं. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेला जांभळी झाक दिसली तर वाईन कोवळी, विटकरी दिसली तर वय झालेली. मार्चच्या उन्हात दुकानाच्या शोकेसमध्ये उभ्या राहिलेल्या दोन वर्षांच्या बाटलीलाही हीच विटकरी कडा येते, आणि वास येतो शिजलेल्या जॅमचा. आमच्या भागातल्या एका दुकानात महागातल्या रेड मुद्दाम काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, दिव्याखाली मांडलेल्या असतात. मालकाला वाटतं त्या शोभून दिसतात. मी त्याच्याकडून बिअर घेतो.

आणि तापमान! रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हे वाक्य ज्या खोल्यांसाठी लिहिलं गेलं त्या दगडी भिंतींच्या होत्या आणि त्यांत 16-18 अंश असायचे. आपल्या खोलीत एप्रिलमध्ये 34 असतात. त्या तापमानाला शिराझ ओतली की आधी नाकात अल्कोहोलच जातं. फळ, मिरी, लवंग सगळे त्याच्या मागे अडकतात. पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. फार थंड झाली तर तुरटपणा टोचतो, पण पेल्यात ती आपोआप वर येते, आणि येताना दर पाच मिनिटांनी वेगळी लागते. आपल्या हवेचा हा एक फायदाच म्हणायचा. पाहुणे हसतात, “रेड फ्रिजमध्ये?” हसू द्यावं. दुसऱ्या पेल्याला विचारतात की ही कुठली.

शिराझबद्दलची एक कथा सगळे सांगतात: इराणच्या शिराझ शहरातून कुणा धर्मयोद्ध्याने ही वेल फ्रान्सला नेली. कथा गोड आहे आणि खोटी आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी डीएनए तपासला तेव्हा तिचे आईबाप फ्रान्सच्या आग्नेयेकडेच सापडले, दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश, दोघंही बिनमहत्त्वाची. ऱ्होन नदीच्या खोऱ्याच्या उत्तर भागातल्या उतारांवर तिला सिरा म्हणतात. तिथल्या एर्मिताजच्या टेकडीची वाईन इतकी दाट की एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपली वाईन पातळ उतरलेल्या वर्षी तिची भर घालायचे. हीच वेल 1832 मध्ये जेम्स बस्बीने जमवलेल्या काड्यांबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. उन्हाला ती चांगलीच मानवली.

तिथल्या मॅक्स शूबर्टची गोष्ट मला त्या धर्मयोद्ध्यापेक्षा कितीतरी आवडते. पेनफोल्ड्स या वाईन कंपनीचा हा वाईनमेकर 1950 मध्ये युरोपात गेला, बोर्दोत चाळीस-पन्नास वर्षं जगलेल्या वाइन्स चाखून आला आणि 1951 मध्ये शिराझपासून तशी काहीतरी करायच्या खटपटीला लागला. कॅबर्ने पुरेशी नव्हती म्हणून शिराझ, फ्रेंच ओक नव्हता म्हणून अमेरिकन. काही वर्षांनी कंपनीच्या वरिष्ठांनी आणि जाणकारांनी ग्रेंज नावाची ती वाईन चाखली आणि नाकं मुरडली. एकाला तर तिच्यात चिरडलेल्या मुंग्या लागल्या. 1957 मध्ये हुकूम आला, बंद करा. शूबर्टने वर तसं कळवलं आणि खाली तळघरात करत राहिला, 57, 58, 59, तीन हंगाम चोरून, नव्या पिंपांशिवाय. तोवर पहिल्या बाटल्या मुरल्या होत्या. त्याच लोकांनी त्या पुन्हा चाखल्या आणि 1960 मध्ये परवानगी परत आली. वाईन तीच होती. चाखणाऱ्यांनी तिला पहिल्यांदा दिलेला वेळ तेवढा कमी पडला होता.

अर्थात आपण इथली प्रत्येक रेड दहा वर्षं पुरून ठेवावी असा याचा अर्थ नाही. नाशिकच्या बहुतेक रेड तीन-चार वर्षांत पिऊन टाकाव्यात असं माझं मत आहे. फळ आहे तोवरच गंमत आहे. वर्षांऐवजी एक तास द्यावा. काचेच्या जगमध्ये उंचावरून ओतून ठेवावी, तोवर कांदा चिरावा.

कांदा कशासाठी चिरायचा, हा मुद्दा आलाच. दणकट रेडबरोबर झणझणीत मटण, असं आपल्याकडे जवळजवळ सूत्र झालंय, आणि मला ते साफ नामंजूर आहे. तांबड्या रश्श्याबरोबर चौदा टक्क्यांची शिराझ म्हणजे आगीवर तेल. मिरचीने ज्या मज्जातंतूंना जाळ लागतो त्यांनाच अल्कोहोल आणखी चेतवतं, वर टॅनिनने तोंड कोरडं. ना रस्सा लागतो ना वाईन. तांबड्या रश्श्याला सोलकढी आहे, ती पुरेशी आहे. रेडला हवं तेल, खोबरं, भाजलेपणा, आणि तिखट बेताचं. काळ्या मसाल्यातलं सुकं मटण, चरबीचे तुकडे मुद्दाम न काढलेलं, ज्यात दगडफूल आणि भाजलेलं सुकं खोबरं पुढे आहे आणि मिरची मागे: त्या घासानंतर शिराझचा घोट घेतला की तुरटपणा मटणाच्या प्रथिनांत आणि चरबीत अर्धा गुंतून जातो, आणि मसाल्यातल्या मिरीला वाईनमधली मिरी भेटते. शाकाहारात निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, भरपूर तेलाचं, हिरवी मिरची हात राखून. भरल्या वांग्यातलं शेंगदाण्याचं कूटही झकास. मासा मात्र नको. बांगड्याबरोबर रेड प्यायल्यावर तोंडात जी लोखंडी, हिवसट चव येते तिचं कारण 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं: रेडमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडतं.

2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ आणि ‘दारूच आहे’ अशी रणधुमाळी माजली होती. निर्णय शेवटी बासनातच राहिला. मला विचारलं तर ती दारूच आहे. चौदा टक्के अल्कोहोल असलेल्या द्रवाला दुसरं काय म्हणणार? हृदयाला चांगली म्हणून रोज एक पेला, असं औषधासारखं पिणाऱ्यांनी 2023 मधलं जागतिक आरोग्य संघटनेचं निवेदन वाचावं. सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. शेतकऱ्यांच्या भल्यासाठी प्या म्हणणाऱ्यांनी मामाला विचारावं. नाशिकची बहुतेक द्राक्षं आजही खाण्यासाठीच पिकतात. मी पितो ती चवीसाठी, थोडी, आणि जेवणाबरोबर. याहून उदात्त कारण मला सापडलेलं नाही.

थोडी पितो म्हणून बाटली उरते, आणि दणकट रेडचा एक गुण इथेच दिसतो. बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर कोवळी, तुरट शिराझ दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा आदल्या दिवसापेक्षा छान लागते. कडा बोथट झालेल्या असतात, मिरी अजून असते. हलक्या रेड तेवढ्यात मान टाकतात. तिसऱ्या दिवशीही पिता येते, पण फळ ओसरलेलं असतं. चौथ्या दिवशी ती मटणाच्या फोडणीत घालावी, कांदा लाल झाल्यावर, आणि आंबटपणा उडेपर्यंत आटवावी. पाहुण्यांना मात्र नवी उघडावी.